कलमाच्या खड्ड्यावरचं गवत

हॅलो?… हॅलो, कोण?… हो, हो, गुरांचा दवाखाना. दत्ताराम कंपाउंडर बोलतोय… मोठ्यानं बोल. मला समुद्र ऐकू येतोय, तू नाही.

कोण, काशीराम? अरे मेल्या, बंदरावरच्या कचेरीतला फोन तुझ्या हाती कुणी दिला?… हेडक्लार्क जेवायला गेलेत. बरं, मग ते ढेकर देत परत यायच्या आत उरकू.

आमचं ठीक. गाय व्याली, पाडी झाली. खरवस आवडला ना?… बरं. आता कामाचं बोल.

नाहीत, डॉक्टर पूर्णगडला गेलेत. उद्या येतील… अरे ऐक ना, मी आहे. तुझा मेव्हणा शिवा सकाळीच आला. म्हशीच्या कानाचा तुकडा पानात बांधून आणलाय, मी निरोप धाडला होता तसा… हो, बघितला. रक्ताचा ठिपका काचेवर घेतला, रंग दिला, दुर्बिणीखाली धरला.

फाशी आहे, काशा… हो, तोच रोग. संध्याकाळी रवंथ करत होती आणि सकाळी ताठ, बरोबर? नाकातून काळं रक्त, आणि ते गोठलं नाही… मग झालं तर. खात्री आहे माझी.

कसली करणी?… ठमाबाईनं? अरे, तिला दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ती कसली नजर लावतेय.

ऐक. तो जंतू कुणाचं वाकडं चिंतत नाही. बांबूची पेरं एकापुढे एक मांडावीत तसा दिसतो. गुराच्या पोटात गेला की रक्तात शिरतो, एकाचे लाख होतात, गूर पडतं. ते रक्त बाहेर सांडलं, वारा लागला, की हा अंगाभोवती कवच करतो नि मातीत बसून राहतो… किती दिवस? दिवस काय विचारतोस? वीस-वीस वर्षं बसतो. ऊन नाही, पाऊस नाही, काही लागत नाही त्याला. कुणीतरी खाईपर्यंत वाट बघायची… म्हणजे बघायची आपली म्हणायला. त्याला कुठले डोळे.

काशा… काशा, कचेरीत आहेस तू. पुसून घे… माहीत आहे मला, दोन्ही वेळा भरून दूध देत होती. गेली ती गेली. राहिलेली मोज.

मोज म्हणतो ना… दोन बैल. गाय. कालवड. रेडकू… पाच. या सगळ्यांनी तीच वैरण खाल्लीय?… मग सगळ्यांना टोचायला हवं. सिरम आहे रे. पाच गुरांपुरतं आहे, एक थेंब जास्त नाही. मुंबईहून नवीन पेटी बोटीनं येईल तेव्हा येईल, आणि या हवेत बोट कधी लागेल ते तूच मला सांग, बंदरात तू आहेस… चार दिवस? नको, चार दिवस कोण थांबणार. पाचाला पाच आहेत. बसलं गणित.

पण मला हे सांग, म्हैस चरायला कुठे सोडली होती?… सोडलीच नव्हती? पाय मुरगळला म्हणून आठवडाभर गोठ्यात… मग खाल्लं काय तिनं?… राही वहिनींनी कापून आणलेलं. कुठून? तुमच्या कातळावर एवढं गवत आलं कुठून?… कलमापाशी. गुडघाभर उंच. हिरवंगार.

कुठल्या कलमापाशी, काशा?

…

हो. आठवतंय. हरण्या बैल. फाशीनंच गेला. तीन वर्षं झाली.

नाही, मला बोलू दे. मलाच आठवू दे ते. डॉक्टरांनी सांगितलं होतं, सहा फूट खोल पुरा, वर चुना टाका, आणि बघायला मला धाडलं. तुमच्याकडे सगळा कातळ, पहार मारली की ठिणग्या उडायच्या. आणि तुझ्या वडिलांनी हापूसच्या कलमासाठी सुरुंग लावून खड्डा तयार ठेवला होता. चार फुटांचा… हो, चारच. मीच म्हणालो, चालेल. बैलही पुरला जाईल, कलमालाही खत होईल. तुमच्या डोक्याचं कौतुक केलं मी, वहिनींच्या हातचा चहा घेतला, आणि दवाखान्यात येऊन सहा फूट लिहिलं.

तुम्हाला कशाला माहीत असणार? तुमचं काम नव्हतं ते… आणि नाकातलं रक्त सांडलेली माती? ती वरच लोटली. हं. म्हणजे ती चार फूटसुद्धा खाली गेली नाही… भोवती गडगा घाला, गवत कापू नका, असं मी म्हणालो होतो का रे?… आठव ना नीट… नव्हतो म्हणालो. बरोबर. नव्हतोच म्हणालो.

वाईट वाटतंय रे काशा. फार वाईट वाटतंय.

आता ऐक. तिथलं एक पान कापायचं नाही. गोठ्यात उरलंय ते जागच्या जागी जाळायचं. म्हशीचं कातडं काढायचं नाही, कुणी कितीही मागू दे. वहिनींच्या हाताला चीर, खरचटलेलं काही?… नाही ना? बघ हो, विळ्याचं काम. काळा फोड दिसला तर तडक मोठ्या दवाखान्यात. आणि हे गवत अजून कुणाच्या गोठ्यात गेलंय? वाडीत कुणी नेलं?… नक्की?… एक भारा शहरात आला? कुणाकडे?

…

आमच्याकडे?

हो, खरवसाचा पितळी डबा. रिकामा परत करायचा नाही, म्हणून वहिनींनी तांदूळ घातले. मिळाले ते… आणि बाळंतिणीला म्हणून भारा. परवा. शिवाच्या डोकीवरून… मिळाला ना. मीच सोडला तो. माझ्या हातानं घातलं गायीपुढे. तुझ्या हिरा वहिनीला म्हणालो, बघ, कातळावरची माणसं, पण गवत काय पाठवलंय.

आज सकाळी गायीनं पेंड खाल्ली नाही. मला वाटलं, ओली बाळंतीण आहे, होतं असं.

काय?… नाही. नाही, काशा. रेडकाला वगळून माझ्या गायीला टोचू? उद्या ते पडलं म्हणजे?… अरे, खड्डा कुणी पास केला? तुझी पाच आहेत, पाचही टोचणार. मघाशीच बसलं ते गणित.

मी स्वतः येतो. शिवा बाहेर पायरीवर बसलाय, त्याला घेऊन आत्ता निघालो तर चारला तुमच्याकडे… तू फक्त वाडीत निरोप धाड, गुरं बांधून ठेवा म्हणावं.

हो, वाट आमच्या घरावरूनच आहे… नाही, थांबणार नाही. थांबलो तर सिरमची पिशवी उघडेन मी.

हिराला दारातूनच सांगेन, दूध काढू नको, पोरांना देऊ नको. का ते परत आल्यावर… आले का हेडक्लार्क? ठेव मग. ठेव. मीही निघतो.