बर्फाचा ट्रे

मनोविकारांच्या दवाखान्यात बाकावर दोघी बहिणी बसल्या होत्या. थोरलीची लेक आत डॉक्टर मॅडमकडे गेली होती. शेजारी बायकोची वाट बघणाऱ्या शिंप्याने तोंडासमोर पेपर धरला होता, पण कान मात्र या दोघींकडेच होते.

“ताई, तोंड का पाडलंयस? चार महिने झाले, पोरीने स्वतःच्या हातावर एक ओरखडा काढलेला नाही.”

“हो ना, सगळी मॅडमची कृपा! इतकी वर्षं मी तर माशाच मारत होते.”

“अगं, बॉर्डरलाइनचा आजार तो, भावनाच आवरत नाहीत. उपचार नकोत का?”

“उपचार म्हणे! जीव कासावीस झाला की बर्फ मुठीत धर. आधी माझा हात धरायची.”

“आता बर्फावर जळतेस?”

“परवा मी ट्रे मुद्दामच रिकामा ठेवला.”

“ताई! मग?”

“मग काय, आली धावत माझ्याकडे. हे बघ, माझ्या हातावर तिच्या नखांचे वण अजून आहेत.”

“आणि हसतेस काय?”

पेपरचं पान उलटायचं राहूनच गेलं. दार उघडून लेक बाहेर आली.

“आई, जाताना बर्फाचा अजून एक ट्रे घेऊ. तो मीच भरत जाईन.”