बकासुर आणि मल्लव्वा

मला बकासुराची गोष्ट तेवढी सांगायला लावू नका. ती मी सोडली.

आमच्या बंगळुरातल्या येलहंकाच्या घरासमोर इमारत चढतेय ना, तिथला एक गवंडी चौथ्या मजल्यावरून पडून गेला. पाचव्या दिवशी त्याची बायको परत कामावर आली, तर त्यांची सहा वर्षांची मल्लव्वा काही तिचा पदर सोडेना. मुकादम ओरडायला लागला, तशी मी पोरीजवळ गेले.

तिनं वर बोट दाखवलं. इमारतीला दृष्ट लागू नये म्हणून तिथं दात विचकलेला राक्षस टांगलाय. म्हणाली, "अज्जी, ह्यानंच अप्पाला खाल्लं?"

तिथंच गप्प बसायला हवं होतं. पण मला गोष्टींची खोड. म्हटलं, "हा नाही गं. माणसं खायचा तो बकासुर, डोंगराएवढा. गावानं नंबर लावले होते. रोज एका घरानं गाडाभर भात आणि एक माणूस पाठवायचं."

"एकदा पाठवलं की त्या घराचा परत नंबर येतो?"

गोष्टीत येतो. सगळी घरं झाली की पुन्हा पहिल्यापासून सुरू. उभ्या जन्मात मी गोष्टीतला शब्द बदलला नव्हता. म्हटलं, "नाही येत."

पोरीनं पदर सोडला. "अम्मा, जा तू वर. आपला होऊन गेला."

तिची आई डोक्यावर घमेलं घेऊन शिडी चढली. अंधार पडेपर्यंत मी त्या शिडीवर नजर ठेवून आमच्या दारातून हलले नाही.