शिस्तीतला चिनी गुलाब

कराडच्या स्टँडवर विट्याची गाडी लागायची लक्षणं दिसेनात, तसा संयोगितानं मोबाइल पिशवीत टाकला आणि मागच्या बाकावरच्या दोघी म्हाताऱ्यांकडं कान दिला.

"धोंडुबाई, तुमचा फौजी ल्योक पेन्शनीवर आला म्हनं. आता आराम हाय तुमाला."

"लय आराम. रोज पाचला शिट्टी वाजवतोय."

"घरात?"

"मग कुठं? सुनेनं पायरीच्या कडंनं चिनी गुलाब लावलेला. त्याला बी पाटं उठून पाणी. आन् फुलं मिटल्याली दिसली की तापायचा."

"आवं, ते ऊन चढल्याबिगर उघडतंय व्हय?"

"सून त्येच म्हनली. तर म्हनला, शिस्त न्हाई त्येला. दुप्पट पाणी घातलं."

"मग?"

"मग काय, शिस्तीत कुजला."

"आन् सूनबाई?"

"गेली म्हायेरी, विट्याला. जाताना हिरवी ऱ्हायल्याली एक कांडी तेवढी मोडून न्हेली."

"जगली का?"

"अंगणभर पसरलीया म्हनं. पाण्याला कोन इचारत बी न्हाई."

"मग आता तुमी सुनेला आनायला निघालाय जनू."

"आनायला कशाला? मी ऱ्हायाला निघालीया."