दोन रेघांवरचा ठिपका

आमचं गाव म्हशाजवळ, घर भातशेतीचं. दादा मुरबाडला भाताच्या गिरणीवर कामाला, आणि मी डिप्लोमा करून तिथंच एमआयडीसीत लागलो, नव्वदच्या दशकातली गोष्ट. आमी मशीनची कंट्रोल कार्डं बनवायचो. कॉम्प्युटरवर चित्र काढायचं, गेटच्या, म्हणजे चालू का बंद ठरवणाऱ्या भागांच्या, आकृत्या मांडायच्या, रेघांनी जोडायच्या, आणि ते चित्र चिपमध्ये भरलं की चिप तशीच वागणार. दोन रेघा नुसत्या एकमेकींवरून गेल्या तर त्या जोडलेल्या नसतात, जोडायच्या तर तिथं ठिपका द्यावा लागतो. हे मला शिकवलं होतं, पण मी शेतातला, काय सांगू तुमाला, पाटाला पाट भिडला की पाणी मिसळणार एवढंच हाताला ठाऊक.

दादाच्या गिरणीचं कार्ड मीच केलं. झाकण उघडलं की मोटर थांबली पायजे. मोटर चालू-बंद करून पाहिली, झाकणाचं तपासायचं राहिलं, चित्रावर भरवसा ठेवला. वर दादाला म्हणालो, आता भात अडकलं तर मोटरवरनं गिरणीचा पट्टा उतरवायची कटकट नको, झाकण उघड नि खुशाल हात घाल.

मग सुट्टीच्या दिवशी बाबांबरोबर शेतावर गेलो. बाबांनी एका पाटाचं पाणी पन्हळीतून दुसऱ्या पाटावरून पलीकडे नेलं होतं. दोन्ही पाणी एकमेकांना शिवत नव्हतं. मी बघत राहिलो आणि माझ्या चित्रातल्या झाकणाच्या रेघेवर ठिपका नाय, म्हणजे झाकण उघडलं तरी मोटर थांबणार नाय, हे लख्ख आठवलं. तसाच चिखलाच्या पायांनी मुरबाडला जाणारी जीप गाठली, वाटभर दादाचा उजवा हात डोळ्यांपुढं.

गिरणीत शिरलो तर झाकण उघडं, दादाचा हात कोपरापर्यंत आत, आणि मोटर गुणगुणतेय. मी ओरडलो. दादा वळून म्हणाला, बोंबलतो काय रे, म्हैस सुटली का? त्याच्या पायाशी पट्टा पडलेला, मोटर नुसतीच फिरत होती, गिरणी थांबलेली. मी म्हटलं, दादा, पट्टा काढलास? तर म्हणतो, तुझं काम ना ते, लहानपणी तू बांधाचं भोक बुजवून आलो म्हणायचास नि मी परत जाऊन बघायचो, विसरलास? मी आधी मोटर बंद केली, मग रडलो पण आणि हसलो पण.

दुसऱ्या दिवशी सायबांना सगळं सांगितलं. ते मला चांगलंच रागावले, रागवायलाच पायजे होतं. मग ठिपका देऊन चिप नव्यानं भरली, या खेपेला झाकण दहादा उघडून पाहिलं.

आता आमच्याकडं पोरं चित्र काढत नाहीत, चिपनं कसं वागायचं ते सगळं कॉम्प्युटरवर शब्दांत लिहूनच करतात. दादा अजून गिरणीवर आहे. मोटर आता झाकणानं थांबते, तरी तो आधी पट्टा उतरवतो. उतरवू दे. त्याच हातानं रविवारी मला भाकरी वाढतो, आणखी काय पायजे माणसाला.