कच्च्या बियांचा फोटो

माझ्या निवृत्तीनिमित्त ठेवलेल्या आजच्या या कार्यक्रमाचे अध्यक्ष आणि आपल्या संस्थेचे संचालक, आदरणीय सर. व्यासपीठावरचे प्रमुख पाहुणे, सर्वेक्षण विभागाचे मुख्य अधिकारी साहेब. माझे सहकारी, आजी-माजी विद्यार्थी, कचेरीतली मंडळी, पहिल्या रांगेत बसलेले आमचे हे, आणि त्यांच्या शेजारी बसून मघापासून मला डोळ्यांनी दटावणारी माझी लेक, सगळ्यांना माझा नमस्कार.

लेकीने गाडीत बसल्यापासून एकच पाठ लावलाय, "आई, आभार मान, दोन शब्द बोल आणि खाली बस." आमच्या ह्यांनीही तिची री ओढली. पण मघाशी सूत्रसंचालकांनीच सांगितलं, की सत्कारमूर्तींना वेळेचं बंधन नाही. एवढ्या वर्षांत या संस्थेने मला न मागता दिलेली ही पहिलीच गोष्ट. तेव्हा ती मी पुरती वसूल करणार आहे.

माझ्याबद्दल फार चांगलं बोललात सगळे. ऐकताना मलाच वाटत होतं, की या बाईंना एकदा भेटायला हवं. आणि हे स्मृतिचिन्हही सुंदर आहे. पितळेचा सूक्ष्मदर्शक. याला डोळा लावायची नळी आहे, आमच्या इलेक्ट्रॉनवाल्या यंत्राला ती नसते, तिथे पडद्यावर बघायचं असतं. पण असू दे, ज्या दुकानातून आणलंय त्या दुकानदाराला कुठून माहीत असणार? या संस्थेतल्या निम्म्या लोकांना माहीत नाही.

एका वक्त्यांनी सांगितलं, "बाईंनी कधी तक्रार केली नाही." हे मात्र दुरुस्त करते. तक्रार केली होती. लेखी केली, तोंडी केली, एकदा तर जिन्यात सरांचा रस्ता अडवून केली. ती कोणी ऐकली नाही, ही गोष्ट वेगळी.

पाहुण्यांसाठी आणि घरच्यांसाठी आधी माझं काम थोडक्यात सांगते. विद्यार्थी मला मागून 'बीबाई' म्हणतात. मला माहीत आहे, खाली बघू नका. काही झाडं सख्ख्या बहिणींसारखी असतात. पान तेच, फूल तेच, उंची तीच. फुलावरून ओळखायला गेलात तर हमखास फसाल. मग बी बघायची. खसखशीपेक्षा बारीक बी, नुसत्या डोळ्यांना धुळीचा कण वाटते. ती यंत्राखाली हजारपट मोठी केली, की तिच्या कवचावरची नक्षी दिसते. कुणाच्या अंगावर जाळी, कुणाच्या अंगावर उंचवटे, कुणाच्या अंगावर नुसत्या रेघा. फूल हवामानाप्रमाणे रंग थोडा बदलेल, पान उन्हात लहान राहील. बी सहसा आपली नक्षी सोडत नाही.

यंत्रात घालण्याआधी त्या बियांवर सोन्याचा पातळ मुलामा द्यावा लागतो. माझ्या सासूबाई शेजारणींना सांगायच्या, "आमच्या सूनबाईंच्या गळ्यात काही दिसत नाही, पण तिकडे कचऱ्याएवढ्या बियांना सोन्यात घोळवते." त्या खोलीत पंखा लावायचा नाही, मोठ्याने हसायचं नाही, शिंक आली तर पळत बाहेर जायचं. एकदा एका पाहुण्या प्राध्यापकांनी शिंकून माझ्या अख्ख्या मोसमाच्या बिया उडवून दिल्या होत्या. वर मला म्हणाले, "सॉरी, पण दिसत तर काहीच नाहीये, गेलं काय?"

आणि या कामातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे थांबणं. बोंड झाडावर असतानाच त्याला मलमलीची इवलीशी पिशवी बांधायची. बोंड स्वतःहून वाळेल, स्वतःहून उकलेल, बी पिशवीत पडेल, तेव्हाच ती घ्यायची. घाईने हिरवं बोंड फोडून बी काढली तर ती कच्ची असते. यंत्रात जाण्याआधी ती वाळवावी लागते. अंगातलं पाणी गेलं, की तिच्या पेशी आत बसतात आणि चांदणीसारखे खड्डे पडतात. दिसायला फार देखणे दिसतात ते खड्डे. पण ती त्या झाडाची नक्षी नव्हे. ती फक्त आपली घाई असते.

हे मी पहिल्या दिवशी प्रत्येक विद्यार्थ्याला सांगत आले. ज्यांना सांगायची सोय नव्हती, त्यांना आज सांगते.

सरांनी शोधलेल्या वनस्पतीबद्दल मघाशी फार गौरवाने बोललं गेलं. आपल्या शहरामागच्या टेकडीवर गुडघाभर वाढणारं, निळसर फुलांचं झुडूप. सगळे त्याला एकच जात समजत होते. ती एक नसून दोन बहिणी आहेत, एक सगळीकडे उगवणारी आणि दुसरी फक्त त्या एका टेकडीवरच्या खडकांत उगवणारी, हे बियांवरून पहिल्यांदा कुणाच्या लक्षात आलं, ते मी सांगत नाही. छापलेल्या निबंधात सरांचं एकट्याचं नाव आहे, आणि शेवटी बारीक अक्षरांत "छायाचित्रांसाठी साहाय्य" म्हणून माझे आभार आहेत. त्याचं दुःख होतं. खूप होतं. घरी येऊन मी ताटावरून उठले होते, ह्यांना आठवत असेल. पण ते दुःख आता जुनं झालं, आणि आज मी त्यासाठी उभी नाही.

सरांनी त्या वनस्पतीला आपल्या आईचं नाव दिलं. मला ते तेव्हाही आवडलं होतं. आईंना मी भेटले होते. दुसऱ्यांची धुणीभांडी करून ज्या बाईने मुलाला शिकवलं, तिचं नाव एका फुलाला मिळावं, यात वावगं काय? नाव कुणी दिलं यावरून माझी झोप उडाली नाही.

झोप उडाली ती फोटोमुळे. माझ्या वडिलांचं ऑपरेशन होतं, मी रजेवर होते. सरांना परिषदेला जायची घाई. त्यांनी माझा खण उघडला आणि त्यातला सगळ्यात देखणा फोटो उचलला. तो कच्च्या बियांचा होता. कवच कसं कसं तयार होत जातं ते बघण्यासाठी मी टप्प्याटप्प्याने फोटो काढत होते, त्यातला मधला. मागे बी घेतल्याची तारीख होती. ज्याने ते झुडूप एकदा तरी मोसमभर पाहिलंय, त्याला त्या तारखेवरूनच कळलं असतं की तेव्हा बोंडं हिरवीगार असतात. पण पिशव्या बांधायला टेकडीवर मी जात होते. त्या कामाला सर कधी आले नाहीत.

झालं. फोटो छापला. त्यावरून ओळखण्याचा तक्ता केला. बीवर चांदणीसारखे खड्डे असतील तर ही दुर्मिळ बहीण, नसतील तर ती साधी. मी रजेवरून परत आले, तेव्हा तो तक्ता छापून हातात आला. पिकलेल्या बीवर खड्डे नसतातच. या दुर्मिळ बहिणीच्या बीवर उभी, ठसठशीत जाळी असते. सरांच्या तक्त्याप्रमाणे बघाल तर ती तुम्हाला पृथ्वीच्या पाठीवर कुठेही सापडणार नाही, तुम्ही तिच्यावर बसलात तरी.

मी सरांकडे गेले. सर म्हणाले, "पुढच्या वेळी दुरुस्त करू." मग सर विभागप्रमुख झाले, मग संचालक झाले, पुढची वेळ काही आली नाही. मी त्या नियतकालिकाला कळवलं. त्यांनी सरांनाच विचारलं. सरांनी उत्तर दिलं, की बियांमध्ये थोडाफार फरक असायचाच. माझी खोली मात्र त्यानंतर वरच्या मजल्यावरून तळघरात गेली. तिथे गारवा छान आहे, यंत्राला मानवतो, असं मला सांगण्यात आलं.

आता, साहेब, तुमच्याकडे वळते. तुम्ही अस्वस्थ होऊ नका, तुमच्या विभागातल्या मुलांचा यात काही दोष नाही. दगडाच्या खाणीसाठी टेकडी द्यायची का, हे ठरवायला तुमची मुलं वर्षभर तिथे राबली. फार नीट काम केलं त्यांनी. बोंडं वाळेपर्यंत थांबली, बिया धुतल्या, यंत्राखाली पाहिल्या. माझ्याच तळघरात बसून पाहिल्या. पडद्यावर जाळी दिसत होती. त्यातली एक मुलगी मला म्हणाली, "मॅडम, खड्डे नाहीत म्हणजे ही साधीच ना?" मी म्हटलं, "नाही गं, हीच ती." ती बिचारी म्हणाली, "पण तक्त्यात तसं नाहीये." मग तिने काय करायचं? सरकारी कामाला छापील आधार लागतो, आणि छापील आधार सरांचा. अहवालात लिहिलं गेलं, की दुर्मिळ जात टेकडीवर आढळली नाही. तज्ज्ञ म्हणून सरांनी खाली सही केली. सोमवारी तिथे खाणीची यंत्रं चढणार आहेत.

आज दुपारी मी सरांच्या खोलीत गेले होते. सर, हे सगळ्यांसमोर सांगतेय म्हणून रागावू नका. खाजगीत सांगायचे सगळे दिवस आता संपले. मी म्हटलं, "सर, एक ओळ लिहा. तक्त्यातला फोटो चुकीचा आहे, एवढंच. नाव बदलत नाही, शोध तुमचाच राहतो." सरांनी माझ्यासाठी चहा सांगितला. म्हणाले, "बाई, आज तुमचा सत्कार आहे. दिवस गोड करा." मी चहा घेतला नाही. मग तो कप स्वतःकडे ओढून म्हणाले, "लोक काय म्हणतील, कळतंय का तुम्हाला? हा माणूस इतकी वर्षं कच्च्या बियांवर उभा होता, असं म्हणतील."

म्हणतील, सर. चार दिवस म्हणतील. मग त्यांना दुसरा विषय मिळेल. आपल्याकडे विषयांना काय तोटा आहे?

तुम्हा बाकीच्यांना वाटत असेल, की बाईंनी जाता जाता सूड उगवला. उगवायचा असता तर मी आणखी गप्प बसले असते. सोमवार येऊ दिला असता. टेकडी गेली, की झुडूप गेलं, झुडूप गेलं की बी गेली, आणि सरांचा तक्ता कायमचा खरा ठरला असता. मग कुणाला पिकलेली बी मिळाली असती पडताळायला? याच्याइतकं सरांच्या सोयीचं दुसरं काही नाही. मला राग त्याचा येतो.

काही जण विचारतील, बाईंचं बरोबर कशावरून? यंत्र तळघरात आहे, बिया पिशवीत आहेत, ज्याला यायचंय त्याने यावं. पण साहेब, तुम्हाला तळघरापर्यंत उतरायचीही गरज नाही. कार्यक्रम संपला, की सरांच्या खोलीत या. त्यांच्या खुर्चीमागे एक मोठा फोटो टांगलाय. निबंध छापून आला तेव्हा सर आईंना टेकडीवर घेऊन गेले होते. तिघा-चौघांनी खुर्चीत बसवून वर नेलं, मी पुढे वाट दाखवत होते, कारण जागा मलाच माहीत होती. आई खडकावर बसल्या आहेत. ओंजळीत निळसर फुलांची फांदी धरली आहे. सरांनी त्यांना सांगितलं होतं, "आई, हे तुझं." आणि त्या फोटोखाली सरांच्याच अक्षरात वनस्पतीचं नाव लिहिलंय, टेकडीचं नाव लिहिलंय.

सर, तुम्ही सही केलेला अहवाल म्हणतो, की ती जात या टेकडीवर नाही. मग त्या दिवशी तुम्ही आईंच्या हातात काय दिलं होतं?

फार वेळ घेतला. ज्यांनी हा कार्यक्रम ठरवला, खुर्च्या मांडल्या, फुलं आणली, त्यांची मी मनापासून ऋणी आहे. तळघरातल्या माझ्या मुलींची आणि मुलांची तर शब्दांत मावणार नाही इतकी. ह्यांनी इतकी वर्षं माझी चिडचिड सोसली, त्यांचे आभार घरी जाऊन मानते. बोलण्याच्या भरात कुणाला लागलं असेल, कुणाचं नाव घ्यायचं राहिलं असेल, एखादा शब्द जास्त गेला असेल, तर मला समजून घ्या आणि विसरून जा. टेकडीचं मात्र विसरू नका.

यापुढे कार्यक्रमपत्रिकेत अध्यक्षीय भाषण आहे. सर, माईक गरम आहे आणि साहेब तुमच्या शेजारीच बसले आहेत. मी आता खाली जाऊन बसते.