मॉलचा गूळ, माझं तोंड

…आन् वरून मलाच म्हणतेत, “जळू नका, बंकटशेठ!” आता जळू नको तर काय करू, हलगी वाजवू? तुमीच सांगा! तेलगावच्या चौकात माझं किराणा दुकान, आज्यापासूनचं. रस्त्याच्या पल्याड तो मॉल आला, काचेचा, आत गारेगार, आन् सरकारनं त्याला पाच वर्षं टॅक्स माफ केला! कावून? तर म्हणे विकास! मग आमी काय इतके दिवस तेलगाव भकास करत होतो? त्याला माफ, आमी साफ!

टॅक्स गेला उडत हो. माज्या दुकानापुढं पत्र्याचं छप्पर होतं. त्याच्या सावलीत गुळाची ढेप, पाण्याचा माठ, बाकड्यावर गिऱ्हाईक. एक दिवस अतिक्रमणवाले सरकारी साहेब आले, “अतिक्रमण हाय, काढा.” म्हणलं, साहेब, त्या मॉलच्या गाड्या निम्म्या रस्त्यात उभ्या हायेत! तर म्हणले, “ती पार्किंग हाय.” काढलं छप्पर. आता दुपारचं ऊन सरळ गुळावर! ढेप पाघळून काउंटरवरून खाली, माशा पंगतीला बसल्यावानी… आन् समोर कांद्यालाबी एसी! कांद्याला, तुमाला सांगतो! मी घामानं निथळतोय आन् तिकडं कांदा गारव्यात झोपलाय. त्या कांद्यावर जळायचो हो मी, खोटं कशाला बोलू!

म्हून सगळ्या व्यापाऱ्यांना नारायणगडावर नगद नारायणापुढं नेलं, बेलभंडारा उचलायला लावला, की मेलो तरी मॉलमधी पाय ठेवणार न्हाई. मी अध्यक्ष, पहिला हात माझा! पर शपथ व्यापाऱ्यांनी घेतलती, गिऱ्हाइकानं थोडीच? आमच्या सारजाबाई बघा, माज्या बापाच्या काळापासूनचं गिऱ्हाईक. आमच्याकडं रीतच हाय, गूळ चाखल्याबिगर घ्यायचा न्हाई. सारजाबाई स्वतः चाखणार, नातीला चाटवणार, “जरा खारट लागतोय बग,” म्हणून अजून एक खडा तोंडात टाकणार, मग कुठं पावशेर घेणार. परवा आल्या, चाखला, मान डोलवली… आन् चालल्या समोर! म्हणलं, मावशी, कावून? “आरं, तुजा पाघळलाय रं. तिथला कोरडाठाक हाय.” पाघळणार न्हाई तर काय! छप्पर कुणी नेलं माझं? त्याला माफ, आमी साफ!

घरी तरी सुख? आमच्या मंडळी, वत्सलाबाई, “मी नुसतं बघून येते, घेणार काय न्हाई,” म्हणून सकाळी मॉलमधी गेल्या त्या दुपार कलल्यावर आल्या. तोंड टवटवीत, हसरं! माज्याशी लग्न झाल्यापासून अशा हसल्या न्हाईत हो!

मग मात्र राहवलं न्हाई. म्हणलं असा काय गूळ हाय, बघूच. तोंडाला रुमाल बांधला आन् घुसलो. शपथ? नगद नारायण सगळं जाणतो, घेईल समजून. आत गेलो… आहाहा, काय तो गारवा! गुळापाशी गेलो, आन् हाताला जन्माची सवय… पाकीट फोडलं, चांगला लिंबाएवढा खडा मोडला, रुमाल खाली केला आन् टाकला तोंडात! तेवढ्यात दारावरचा वॉचमन आप्पाराव, माझा जुना दोस्त, बोंबलला, “आरं बंकटशेठ! तुमीबी?” सगळा मॉल वळला! निम्मी माजीच गिऱ्हाइकं! पळायला गेलो तर पुण्याच्या मॅनेजर स्वप्ना मॅडम आडव्या. “अय्या, काका! समोरचं दुकान तुमचंच ना? आमचा गूळ आवडला? हसा ना जरा!” न्हाई म्हणावं तर तोंड उघडंना! गूळ टाळूला चिकटलेला, दोन्ही गाल फुगलेले… घेतला की हो फोटो!

आन् दोन दिवसांत माज्याच दुकानापुढं बॅनर! भला मोठा! त्यावर माझं तोंड, गाल फुगलेले, आन् खाली लिवलंय, “व्यापाऱ्यांचीही पहिली पसंती!” बाकीचे व्यापारी विचारायले, “अध्यक्ष, बेलभंडारा गोड लागला का?” धावत साहेबाकडं गेलो. म्हणलं माझं छप्पर अतिक्रमण, मग हे काय हाय? साहेब शांतपणे म्हणले, “जाहिरात हाय. तिची फीबी माफ हाय त्यांना.” बघा! त्याला माफ, आमी साफ!

काय करता? आलो, बसलो कपाळाला हात लावून. आन् दुपारी बघतो तर काय, बॅनरची सावली थेट गुळावर! ढेप कोरडी, माशा गायब. सारजाबाई आल्या, चाखला, नातीला चाटवला, म्हणल्या, “आज बरा हाय रं, दे पावशेर.” तवापासून बसतोय असा, माज्याच थोबाडाच्या सावलीत. पर ते बॅनर आता उतरवणार म्हणतेत. म्हून काल रुमाल न बांधता सरळ मॉलमधी गेलो आन् मॅडमला म्हणलं, “काढा बाई अजून एक फोटो… आन् ह्या वेळी जरा रुंद छापा, माठबी उन्हात हाय.”