लांब हो

डॉ. फहमिदा : तुमचं ऐकलं मी, सुमतीताई. आता तिला बोलू द्या. पूर्वी, दुखतं तेव्हा नेमकं कुठं दुखतं?

पूर्वी : इथं. कपाळावर. दोन्ही बाजूंना. आतून कुणीतरी ठोकतंय असं वाटतं.

सुमती : चष्म्याच्या डॉक्टरकडं नेली होती, मॅडम. डोळे बरे हायेत बोलले. मंग नजर काढली. जाऊबाई बोलल्या मोबाइलनं होतंय, तर मोबाइल पण काढून घेतला.

डॉ. फहमिदा : थांबलं?

सुमती : नाय. वाढलं.

डॉ. फहमिदा : दुखत असताना उजेड कसा वाटतो गं?

पूर्वी : नको वाटतो. आवाज पण. मी पप्पांचा टॉवेल डोळ्यांवर घेऊन झोपते. उलटी झाली की झोप लागते. उठले की एकदम ओके.

सुमती : तेच तर! उठली की खाली खेळायला पळते. मंग लोक बोलणार नाय तर काय? शाळेतल्या बाई पण बोलल्या, परीक्षा आली की हिचं डोकं उठतं.

डॉ. फहमिदा : झोपेत असताना दुखून जाग येते का? चालताना तोल जातो? एकाचे दोन दिसतात?

पूर्वी : नाही.

डॉ. फहमिदा : उभी राहा. डोळे मिट, हात पुढे कर. छान. आता या फरशीच्या रेषेवरून चाल. ये, डोळ्यांच्या आत बघू दे, हलू नकोस. ठीक आहे, बस. कसल्या वासानं त्रास होतो का? घरात काही उग्र वास असतो? अगं, मान खाली का घातलीस?

सुमती : ती नाय सांगणार. मी सांगते. माजा येतो वास.

पूर्वी : आई!

सुमती : खोटं हाय काय? मॅडम, मी मार्केटात म्हावरं, मासळी विकते. सासूची जागा ती, तिच्यानंतर आता मी बसते. तो वास कातडीत बसतो, साबणानं जात नाय. त्यानंच हिचं डोकं उठतं. म्हणून मी ठरवलंय. जागा जावेला देणार आणि आमच्या करंजाड्यात कुणाच्या घरी चपात्यांचं काम मिळतंय का बगणार. तुमी फक्त सांगा, वास गेला की दुखणं जाईल ना?

पूर्वी : जागा नको देऊ.

सुमती : तू बोलू नको. बोललीस तेवढं पुरे झालं.

डॉ. फहमिदा : काय बोलली?

सुमती : जाऊ द्या, मॅडम.

डॉ. फहमिदा : बरं. तुम्ही जरा बाहेर बाकावर बसा. मुलं काही गोष्टी आईसमोर सांगत नाहीत. सिस्टर बोलावतील तुम्हाला.

सुमती : बसते. माज्यासमोर ती असंच पण काय बोलत नाय.

पूर्वी : गेली?

डॉ. फहमिदा : गेली. दार लागलंय. घाबरू नकोस.

पूर्वी : तिला सांगणार नाही ना?

डॉ. फहमिदा : ते तू ठरव. आधी मला तर सांग.

पूर्वी : शाळेत पालकसभा होती. त्या दिवशी सकाळपासून माझं डोकं दुखत होतं. डबा पण खाल्ला नव्हता, आणि उन्हात पीटी झाली होती. आई मार्केटमधून डायरेक्ट आली. सगळ्यांच्या मम्मी बसल्या होत्या. तिनं माझी वेणी नीट करायला हात पुढे केला आणि मी ओरडले.

डॉ. फहमिदा : काय ओरडलीस?

पूर्वी : लांब हो, वास येतो. जोरात. आणि मग उलटी झाली. तिच्या साडीवर. रियाच्या मम्मीनं नाकाला रुमाल लावला. उलटी झाली म्हणून नाही, त्याच्या आधीच.

डॉ. फहमिदा : आई काय म्हणाली?

पूर्वी : पदरानं माझं तोंड पुसलं. बाईंना न भेटताच गेली.

डॉ. फहमिदा : आणि घरी?

पूर्वी : घरी ती माझ्याजवळ झोपतच नाही आता. बाहेरच्या खोलीत झोपते. ताट पण लांबून सरकवते. आणि तिनं सेंट आणलाय.

डॉ. फहमिदा : सेंट?

पूर्वी : मोठी बाटली. मार्केटमधून आली की आंघोळ करते आणि मग सेंट. अंगाला, साडीला, माझ्या उशीला पण. वर उदबत्ती लावते. त्यानं...

डॉ. फहमिदा : त्यानं दुखतं?

पूर्वी : लगेच. मासळीनं नाही सुरू होत, डॉक्टर. मी बालवाडीत असल्यापासून तिच्या माशांच्या पाटीमागं बसून अभ्यास केलाय. दुखायला लागलं की मग सगळेच वास लागतात. भाताचा पण. खोडरबरचा पण. पण सेंटनं तर दुखणं सुरूच होतं.

डॉ. फहमिदा : मग सांगितलं का नाहीस तिला?

पूर्वी : कसं सांगू? एकदा वास येतो म्हणून ओरडले. आता माझ्यासाठी तिनं तो वास घालवला, आणि परत तेच सांगू? तिला वाटेल, मी हिला कशीच चालत नाही.

डॉ. फहमिदा : हं. सगळ्यात जास्त कधी दुखलं होतं?

पूर्वी : मागच्या आठवड्यात.

डॉ. फहमिदा : तेव्हा काय झालं होतं?

पूर्वी : काही नाही. खिडकी उघडी राहिली होती.

डॉ. फहमिदा : बरं. पूर्वी, सेंटचं आईला तूच सांग. मी सांगितलं तर तिला वाटेल तू माझ्याकडं तक्रार केलीस.

पूर्वी : मला नाही जमणार.

डॉ. फहमिदा : मी आहे ना इथं. सुरुवात मी करून देते. सिस्टर, त्यांना आत पाठवा.

सुमती : काय निघालं, मॅडम?

डॉ. फहमिदा : बसा. घाबरण्यासारखं काही दिसत नाही. हिला मायग्रेन आहे. अर्धशिशी म्हणतो ना आपण, तेच.

सुमती : अर्धशिशी बायांना होते. एवढ्याशा पोरीला?

डॉ. फहमिदा : होते. मुलांचं पुष्कळदा अर्धं नाही, सगळं कपाळ दुखतं, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. उलटी होते, मग लोकांना वाटतं पोट बिघडलं. झोपून उठली की बरी होते, मग लोकांना वाटतं नाटक होतं. नाटक नाही ते. झोपेनंच थांबतं पुष्कळदा.

सुमती : म्हणजे खरंच दुकत होतं.

डॉ. फहमिदा : दरवेळी.

सुमती : आणि वासाचं?

डॉ. फहमिदा : ते पूर्वी सांगेल. सांग गं.

पूर्वी : आई... सेंट नको लावू.

सुमती : काय?

पूर्वी : सेंटनं दुखतं. उदबत्तीनं पण. मासळीनं नाही. शाळेत त्या दिवशी आधीपासूनच दुखत होतं. तेव्हा कुणीही जवळ आलं असतं तरी मला सहन झालं नसतं. बाई आल्या असत्या तरी.

सुमती : बाईंना बोलली असतीस, लांब हो?

पूर्वी : नाही.

सुमती : मंग?

पूर्वी : त्यांना मी घाबरते. तुला नाही घाबरत.

सुमती : रोज लावते मी तो. उशीला पण. आणि तू त्या उशीवर पडून राते. एका शब्दानं बोलली का नाय?

पूर्वी : तुला वाईट वाटलं असतं.

सुमती : मॅडम, हिनं तुमाला बोंबलांचं सांगितलं?

डॉ. फहमिदा : नाही. कसले बोंबील?

पूर्वी : आई, नको ना.

सुमती : नाय सांगितलं. बगा. मागच्या आठवड्यात ही अशीच दारं-खिडक्या लावून पडली होती. मी दमून आलेली. मला वाटलं, आपण आलो की हिचं सुरू होतं. डोकं फिरलं माजं. ओले बोंबील घेतले, विळी घेतली, आणि हिच्या उशाशी साफ करायला बसले. बोलले, घे वास, ह्याच्यावरच शाळा शिकतेस.

डॉ. फहमिदा : मग?

सुमती : मंग काय. ती रडली पण नाय. भिंतीकडं तोंड करून रायली. उलटी आली तर तोंड दाबून मोरीपर्यंत गेली. आली, परत पडली. आणि मी उठले नाय, मॅडम. सगळे साफ होईपर्यंत बसून रायले.

पूर्वी : तुला माहीत नव्हतं.

सुमती : दिसत तर होतं ना. पांढरी पडली होतीस. पोटची पोर कळवळते हाय आणि मी तिचा सूड घेत बसले.

डॉ. फहमिदा : पाणी घ्या थोडं.

सुमती : नको. तुमी असं कुणाचं ऐकलंय का कधी? खरं सांगा.

डॉ. फहमिदा : बोंबलांचं नाही ऐकलं. पण मुलाला खोटारडं ठरवून मारून आणणारे येतात. ते बाहेर गेल्यावर मूल सांगतं. तुमच्यासारखं स्वतःहून कुणी सांगत नाही. सुमतीताई, एक विचारू? तुमचं डोकं दुखतं?

सुमती : माजं काय घेऊन बसलात. महिन्याच्या दिवसांत दुकतं.

डॉ. फहमिदा : उलटी होते?

सुमती : कधी कधी. ऊन डोळ्यात खुपतं. फडका आवळून बांधते आणि बसते जागेवर. गिऱ्हाईक थांबतंय काय?

डॉ. फहमिदा : आणि तुमच्या आईचं?

सुमती : आई... उरणला होडी किनाऱ्याला लागली तरी ती कधी कधी उठायची नाय. अंधारात पडून असायची. बाबा कामचोर बोलायचे तिला. आमी पोरं पण बोलायचो. आता ती हाय कुठं, तिला काय सांगू?

पूर्वी : तुला पण असंच होतं, आई? ठोकल्यासारखं?

सुमती : होतं. असंच. म्हणजे माज्याकडनंच गेलं हे हिच्यात.

डॉ. फहमिदा : घराण्यात असतं. उंची येते, केस येतात, तसं हे पण येतं. त्यात कुणाचा गुन्हा नाही. आता नीट ऐका. दुखायला लागलं की लगेच औषध द्यायचं, उलटीची वाट बघायची नाही. हिच्या वजनाप्रमाणे लिहून देते, तेवढंच. पण उठसूट नाही, फार गोळ्यांनीही डोकं दुखायला लागतं. मग अंधार, शांतता, झोप. एरवी उपाशी राहायचं नाही, पाणी प्यायचं, वेळेवर झोपायचं. दुखणं नेहमीपेक्षा वेगळं वाटलं, बोलताना अडखळली, हातपाय लुळे पडले, तर थांबू नका, तडक घेऊन या.

सुमती : आणि धंदा?

डॉ. फहमिदा : धंदा कशाला सोडता? दुखत असेल तेवढ्या वेळात कुठलाच वास नको, मासळी नको आणि सेंटही नको. एरवी तुमचं काम करा. तुमचं पण एकदा तपासू. आणि हो, शाळेत जाऊन बाईंना समजावून सांगा. दुखायला लागलं की गोळी घेऊ द्या, पडायला जागा द्या. नाहीतर ही तशीच बाकावर बसून राहील.

(दवाखान्याबाहेर, रिक्षा स्टँडजवळ. दोघींत हातभर अंतर.)

पूर्वी : इकडं सरक ना.

सुमती : बरी हाय मी इथं. आज पण लावलाय मी तो सेंट.

पूर्वी : माहितीये.

सुमती : दुकतंय आता?

पूर्वी : थोडं. गोळी घेतली ना आत, होईल कमी.

सुमती : मंग लांबच बरी मी. घरी गेल्यावर सगळं धुऊन टाकते. उशीचे अभ्रे, चादरी, सगळं.

पूर्वी : मग आत झोपशील?

सुमती : तुला चालणार असंल तर.

पूर्वी : असं नको ना बोलू.

सुमती : शाळेत तुजे पप्पा जातील. बोलते मी त्यांना, पोर्टातल्या कामावरनं सुट्टी काढा एक दिवस.

पूर्वी : पप्पा काय सांगणार? त्यांचं कुठं दुखतं?

सुमती : डॉक्टर बोलल्या तेच सांगतील.

पूर्वी : तू सांग ना. तुला कसं होतं ते सांग. पप्पांना फक्त ऐकून माहितीये.

सुमती : मी त्या वर्गात परत पाय नाय ठेवणार, पूर्वी. सगळ्या बायका बगत होत्या. ती रियाची आई...

पूर्वी : मला पण लाज वाटते तिथं. मी रोज जाते ना. मुली माझ्या शेजारी बसायच्या आधी विचारतात, आज उलटी येणार नाही ना?

सुमती : हे कधी बोलली नाय मला.

पूर्वी : तू बोलतच नव्हतीस माझ्याशी.

सुमती : हां. नव्हते बोलत.

पूर्वी : येशील?

सुमती : बाजारातनं डायरेक्ट यावं लागंल. घरी जाऊन आंघोळ करून येते बोलले तर तुजी शाळा सुटंल तोवर.

पूर्वी : मग डायरेक्टच ये. मी गेटवर थांबते.

सुमती : गेटवर ऊन असतं. तू आत सावलीला थांब. मी येते शोधत.